मी झोपलो नव्हतो

सर गाडी चालवता चालवता झोपतात हे लक्षात यायला आम्हाला फार उशीर लागला, कारण ते बोलता बोलता झोपायचे. वाक्याच्या मधेच थांबायचे. "या पोरांना दशांश चिन्ह शिकवायचं म्हणजे बाई, आधी..." एवढं म्हणून गप्प. आम्हाला वाटायचं, सर पुढचा शब्द शोधताहेत. मग कुठूनतरी परत आल्यासारखे ते म्हणायचे, "...आधी त्यांना पूर्णांक यायला पाहिजेत," आणि गाडी पुन्हा आपल्या बाजूला यायची. विज्ञानाचा माणूस आहे, विचार करून बोलतो, असं मी घरी कौतुकानं सांगितलेलंसुद्धा मला आठवतं.

मी किकवीची. आमची माध्यमिक शाळा वेल्ह्याच्या अलीकडच्या एका खोऱ्यात. मी तिथं मराठी शिकवायची, अजूनही शिकवते. सरांकडं विज्ञान आणि गणित. त्यांचं घर भाटघरला. रोज सकाळी ते आपली जुनी पांढरी गाडी घेऊन कापूरहोळच्या चौकात यायचे, तिथं मी बसायची. नसरापूरला आमचे चित्रकलेचे सर चढायचे. मग पुढं वेल्ह्याचा रस्ता, आणि शाळा येईपर्यंत सरांचं बोलणं.

गाडीच्या पुढच्या कप्प्यात एका डब्यात हिरव्या मिरच्या असायच्या, देठं खुडून ठेवलेल्या. डोळे जड झाले की सर त्यातली एक उचलायचे, कचकन चावायचे आणि नाकडोळे गाळत गाडी हाणायचे.

"झोप येतेय का सर?" मी विचारायची.

"झोप कसली. धरणाकडची हवा जड असते बाई. तिच्यात वाढलेल्या माणसाला हितली कोरडी हवा सोसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी कारण वेगळं. रात्री दही खाल्लं होतं. परवा वारा पडला होता. तेरवा म्हणे हायवेच्या पांढऱ्या पट्ट्यांकडं एकटक बघितलं की कुणालाही गुंगी येते, त्याला शास्त्रात नाव आहे. खऱ्या कारणाशिवाय जगातली सगळी कारणं त्यांच्याकडं होती.

वर्गातही तेच. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता हात थांबायचा, खडू तसाच टेकलेला राहायचा आणि मग पांढरी रेघ हळूहळू खाली घसरत जायची. पोरं गप्प बसून ती रेघ बघायची. जाग आली की सर ती डस्टरनं पुसायचे आणि पुढचं पद लिहायचे, आणि ते बरोबर असायचं. मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांनी कितीदा तरी त्यांना पकडलं. "सर, झोपलात का?"

"मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते." आणि पुरावा म्हणून मुख्याध्यापकांचं शेवटचं वाक्य ते शब्दन् शब्द म्हणून दाखवायचे. कसं जमायचं देव जाणे. त्यामुळं वाद तिथंच संपायचा आणि सरांना वाटायचं, आपण जिंकलो.

माणूस आळशी असता तर मला एवढा राग आला नसता. पण शिकवायला त्यांच्यासारखा माणूस मी आजवर पाहिला नाही. श्वसनसंस्थेचा धडा आला की ते नसरापूरहून बकऱ्याची फुप्फुसं आणायचे, श्वासनळीसकट. परातीत ठेवायचे, नळीला सायकलचा पंप लावायचे आणि पोरांना जवळ बोलवायचे. ती चपटी, गुलाबी फुप्फुसं फुगत फुगत परातीबाहेर यायची, आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तोंड उघडं टाकून बघायची. "हवा आत गेली पाहिजे," सर म्हणायचे, "मधी कुठं वाट बंद झाली की खेळ संपला." श्वासनळी चिमटीत धरून ते पंप मारून दाखवायचे. काही फुगायचं नाही. अख्ख्या तालुक्यात हा धडा त्यांच्याइतका स्वच्छ कुणाला समजला नसेल.

आणि मग एके दिवशी कळलं की सरांची स्वतःची वाट बंद होते.

झालं असं, की गोळ्या वाढवूनही त्यांचं ब्लड प्रेशर खाली येईना. मुलगी पुण्यात असते, ती त्यांना तिकडच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी सरांना काहीच विचारलं नाही, बरोबर आलेल्या वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला विचारलं, "घोरतात का?" वहिनी म्हणाल्या, "घोरत्यात, पन त्याचं काय न्हाई. घोरायचं थांबत्यात तवा भ्या वाटतं." तेवढ्यावर डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. रात्रभर तारा लावून झोपवलं आणि रिपोर्ट आला: झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. स्लीप ॲप्निया. रात्रभर असं चाललं की मेंदूला खरी झोप मिळतच नाही, म्हणून दिवसा डुलक्या. उपाय म्हणून एक छोटं मशीन. नळी, नळीला मास्क, तो तोंडानाकावर बांधून झोपायचं. मशीन हवेचा दाब देतं, घसा उघडा राहतो.

दुसऱ्या दिवशी गाडीत सरांनी हे सगळं आम्हाला सांगितलं आणि मग म्हणाले, "रिपोर्ट चुकीचा आहे."

"का?"

"त्या रात्री एवढ्या तारा लावल्या होत्या, मला झोपच लागली न्हाई. मग झोपेत श्वास थांबला कसा?"

चित्रकलेचे सर मागं बसून हसले. मी नाही हसले. मला वाटलं, असेल बाबा, विचारायला हरकत नाही. पण पुढं महिनोन्महिने हा माणूस असंच काहीतरी काढत राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याच्या बोलण्यात थोडंसं तथ्य असायचं. तेवढं थोडंसंच आमचं डोकं फिरवायला पुरायचं.

मुलीनं मशीन घेऊन दिलं. आता सर ते वापरतील, असं आम्हाला वाटलं. सरांनी ते शाळेत आणलं. प्रयोगशाळेत टेबलावर ठेवलं, काचेच्या वाकड्या नळीत रंगीत पाणी भरून त्याला जोडलं आणि आठवीच्या वर्गाला हवेचा दाब मोजून दाखवला. पाणी किती चढलं, मशीनवर आकडा किती, दोन्ही जुळले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"मशीन बरोबर आहे," सर समाधानानं म्हणाले.

"मग आता रात्री लावा," मी म्हटलं.

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"फुप्फुसाला बाहेरून हवा ढकलायची सवय लागली की फुप्फुस काम सोडतं बाई. आळशी होतं. मग जन्मभर मशीनच."

मी मराठीची शिक्षिका. मला फुप्फुसातलं काय कळतंय? तरी मी घरी बसून मोबाईलवर वाचलं, डॉक्टरांचे व्हिडिओ बघितले, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत या विज्ञानाच्या शिक्षकाला विज्ञान शिकवायला बसले. फुप्फुस आपलं काम करतच असतं, मशीन फक्त घशाचा रस्ता उघडा ठेवतं, आळशी होण्याचा प्रश्नच येत नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "छान सांगितलंत," म्हणाले. मग मिरची चावली.

त्यानंतरचं कारण लाईटचं. धरण उशाला असून भाटघरला लाईट जाते, हे खरंच आहे. "लाईट गेली की मशीन बंद. मशीन बंद की आतला माणूस बंद," सर म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की मास्कला भोकं असतात, मशीन बंद पडलं तरी कुणी गुदमरत नाही, माणसाला जाग येते. सरांना ते पटलं नव्हतं. त्यांनी प्रयोग केला. मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी मास्क तोंडावर बांधला, मशीन सुरूच केलं नाही, आणि मग दोन्ही हातांनी मास्कची भोकं गच्च दाबून धरली. चेहरा लाल झाला. डोळे मोठे झाले. चित्रकलेच्या सरांनी शेवटी त्यांचे हात ओढले.

"बघितलं?" मास्क काढून धापा टाकत सर म्हणाले.

"तुम्ही भोकं दाबली होती," मी म्हटलं.

"झोपेत उशीला दाबली गेली तर?"

मी डबा झाकला आणि वर्गावर निघून गेले. अजून सुट्टी संपायची होती, पण मला तिथं बसवेना.

मधे थोडे दिवस त्यांनी मशीन वापरलंही. मुलगी येऊन राहिली होती, ती रोज मास्क बांधून द्यायची. ते दिवस मला स्पष्ट आठवतात, कारण सरांची वाक्यं पूर्ण व्हायला लागली. कापूरहोळला बोलायला लागायचे ते शाळेपर्यंत, मधे कुठं खंड नाही. मिरच्यांचा डबा कप्प्यातच पडून राहिला. वर्गात त्यांनी एकाच तासात दोन उदाहरणं जास्त घेतली म्हणून पोरांनी तक्रार केली. मी मनात म्हटलं, सुटलो.

मग एका सोमवारी वाक्य पुन्हा मधेच तुटलं.

"सर, मशीन?"

"बंद केलं. कोर्स पूर्ण झाला."

"कसला कोर्स? ते काय औषध आहे का? ते रोज लावायचं असतं."

"बरं वाटायला लागल्यावर कशाला? मी बरा झालोय."

"सर, चष्म्यानं दिसायला लागलं म्हणून कुणी चष्मा फेकून देतं का?"

सरांनी जरा विचार केला. "चष्म्यानं नंबर वाढतो असं माझं निरीक्षण आहे," ते म्हणाले.

चित्रकलेचे सर मला नंतर म्हणाले, "मॅडम, सोडा. त्यांना पटवून द्यायला गेलं तर आपलंच प्रेशर वाढेल." मी सोडलं नाही. पण पटवायचं तरी कसं? एक कारण खोडून काढलं की ते शांतपणे दुसरं काढायचे. जणू त्यांना कुठल्याच कारणाशी देणंघेणं नव्हतं. मास्क लावायचा नाही, एवढंच काय ते पक्कं होतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात मेंढरांची गोष्ट घडली. सकाळची वेळ, ऊन पडलेलं, रस्ता मोकळा. पुढं वळणाच्या पलीकडं एका धनगराचा कळप रस्त्याच्या कडेकडेनं चालला होता. सर कसलीतरी गोष्ट सांगत होते. मधेच थांबले. मी सवयीनं त्यांच्याकडं बघितलं. डोळे उघडे होते, पण आत कुणी नव्हतं. मी त्यांचा दंड धरून हलवेपर्यंत गाडी कळपात शिरली होती. वेग फार नव्हता. मेंढरं दोन्ही बाजूंना फुटली आणि एक मेंढी चाकाखाली आली.

तो आवाज मला इथं लिहायचा नाही.

सर खाली उतरले. धनगर तिथंच उभा होता, खांद्यावर काठी घेऊन. वयस्कर माणूस. तो ओरडला असता, त्यानं काठी उगारली असती, तर बरं झालं असतं असं वाटलं. त्यानं मेंढीला बाजूला ओढलं, तिच्या मानेवर हात ठेवून बघितलं आणि उठला. सरांना त्यानं ओळखलं.

"सर, तुमी डोळं उघडं ठिवून झोपला व्हता," तो म्हणाला.

पहिल्यांदाच सरांनी म्हटलं नाही की मी झोपलो नव्हतो. ते म्हणाले, "मी मेंढी आणून देतो तुम्हाला."

"द्या. मेंढरू गेलं ते गेलं." त्यानं रस्त्याकडं बोट केलं. "पन माजी पोरगी तुमच्या नववीत हाये. ती ह्याच कडंनं चालत येती साळंला."

सरांनी किल्ली पुढं केली. गाडी पुढं चित्रकलेच्या सरांनी चालवली. त्या दिवशी शाळेत ती मुलगी पहिल्या बाकावर बसली होती, आणि सरांनी तो तास खुर्चीत बसून घेतला, फळ्याकडं गेले नाहीत.

मला वाटलं, आता हा माणूस मास्क लावणार. कुणालाही तसंच वाटलं असतं. सरांनी काय केलं? धनगराला मेंढी नेऊन दिली आणि गाडी विकून टाकली. आणि एसटीनं यायला लागले.

"आता माझ्यामुळं कुणाला धोका न्हाई," ते मला म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"तो माझा प्रश्न आहे."

माझा राग त्या दिवशी इतका अनावर झाला की मी एसटीत त्यांच्या शेजारची जागा सोडून मागं जाऊन बसले. त्याचा परिणाम एवढाच झाला की त्यांना हलवून उठवायला शेजारी कुणी नव्हतं. शाळेचा थांबा गेला, मी आरडाओरडा केला, तरी ते काही वेळेवर उठले नाहीत आणि गाडी वेल्ह्याला गेली. तिथून ते उलट येणाऱ्या टेम्पोत बसून शाळेत आले, तेव्हा दुसरा तास सुरू होता. असं पुढं पुष्कळदा झालं. कंडक्टर त्यांना ओळखायला लागले. एकजण तर आमच्या थांब्याआधी येऊन त्यांच्या खांद्यावर तिकिटाची पेटी वाजवायचा.

मग एका रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत. म्हणाल्या, "मॅडम, जरा येता का घरी? मी गोठ्यात पडले काल. लागलं न्हाई फार. पन तुमी या."

मी आणि चित्रकलेचे सर त्यांच्या मोटारसायकलवरून गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, कपाळाला पट्टी. डोळ्यांखाली काळं झालेलं. सर आत चहा करत होते.

"कशानं पडलात?" मी विचारलं.

"झोपंनं," त्या म्हणाल्या. "ह्यांचं आसं, झोपंत दम आडाकला की मी ढुसनी देते, मंग पुन्यांदा चालू व्हतो. आता रातभर ढुसन्या द्यायच्या म्हनल्यावर मी झोपू कवा? लई वर्सं झाली. पयलं वय व्हतं, जमायचं. काल धार काढाया वाकले आन् तिथंच डोळा लागला."

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या झोपेवर चिडत होते, आणि वहिनींच्या झोपेचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

"मग ते मशीन का सोडलं त्यांनी? थोडे दिवस लावत होते ना."

वहिनींनी आत बघितलं आणि आवाज खाली केला. "लेक पुन्याला गेली त्याच्या दुसऱ्या रातीला लाईट गेली. मशीन बंद पडलं. हे जागं झालं, आन् त्यो मास्क सोडता येईना घाईत. आरडायला लागलं. धाकट्याला हाका मारत व्हतं."

धाकटा म्हणजे सरांचा भाऊ. सारोळ्याला हायवेवर त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापलीकडं सर कधी बोलले नव्हते.

सर चहा घेऊन बाहेर आले आणि आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं. कप खाली ठेवून ते पायरीवर बसले. समोर धरणाचं पाणी होतं. मला वाटलं, आता हे म्हणणार, भावाचा आणि मशीनचा काही संबंध नाही, शास्त्रीयदृष्ट्या. पण ते तसं म्हणाले नाहीत.

"दवाखान्यात कामाला माणसं कमी होती," ते म्हणाले, "म्हणून आम्हाला आत बसू द्यायचे. तोंडावर मास्क होता त्याच्या. असाच, पट्ट्यांचा. तो सारखा काढायला बघायचा. सिस्टर म्हणाली, काढू देऊ नका, काढला तर वाचणार न्हाई. मी धरून बसलो. दोन्ही हातांनी." त्यांनी हात पुढं करून दाखवले, आणि तसेच ठेवले. "तो आतून काहीतरी बोलत होता. मला समजत नव्हतं. मशीनचा आवाज, मास्कचा आवाज. मी म्हटलं, नंतर सांग. बरा हो, मग सांग."

वहिनी पदरानं कप पुसत राहिल्या. तो आधीच स्वच्छ होता.

"काय म्हणत होता, मला अजून माहीत न्हाई," सर म्हणाले. "पाणी मागत असंल. पोरांचं काय सांगत असंल. काढ म्हणत असंल. मास्क बांधला की माणसाला शेवटचं बोलता येत न्हाई बाई. आपण आतून बोलतो आणि बाहेरच्याला वाटतं, हा नुसता तडफडतोय."

माझे डोळे भरून आले होते, हे खरं. पण त्याच वेळी मला त्यांचा इतका राग आला, की तो पोटात मावेना.

"हे तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं न्हाई."

"काय विचारलं मग त्यांनी?"

"मास्क टोचतो का, असं विचारलं. मी म्हटलं, टोचतो."

"आणि आम्हाला? फुप्फुस आळशी होतं, कोर्स पूर्ण झाला, चष्म्यानं नंबर वाढतो... सर, एवढं सगळं रचत बसण्यापेक्षा हे एक सांगितलं असतंत तर?"

"हे काय शास्त्रीय कारण आहे का?" सर म्हणाले. अगदी मनापासून. त्या माणसाला खरंच वाटत होतं, की नाही म्हणायला शास्त्रीय कारण लागतं. म्हणून बिचारा वर्षभर ते शोधत होता.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना पुण्याला नेलं. वहिनी होत्याच, पण मी मुद्दाम बरोबर गेले, कारण सर पुन्हा "टोचतो" म्हणून गप्प बसतील याची मला खात्री होती. तशी वेळ आलीच. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो, आणि सर म्हणाले, "नाकाला जरा घासतो." मी म्हटलं, "सर, तुम्ही सांगता की मी सांगू?" मग त्यांनी सांगितलं. जमिनीकडं बघत, तुटक तुटक, पण सांगितलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. एकही वाक्य समजुतीचं बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. उठले, कपाटातून दुसरा मास्क काढला. अगदी छोटा. फक्त नाकपुड्यांना टेकणारा, एक मऊ पट्टी डोक्यामागून. तोंड पूर्ण मोकळं.

"हाही चालतो तुम्हाला," ते म्हणाले. "एका हातानं ओढला की निघतो. झोपेत तोंड उघडं राहू लागलं तर आपण बघू काय करायचं ते. आधी हा लावून बघा."

सरांनी तो हातात उलटापालटा करून पाहिला. "ह्याच्यात बोलता येतं का?"

"बोललात तर हवा तोंडातून सुटेल. आवाज जरा फुसफुस येईल. पण समजेल."

"प्रयोग करून बघू?"

डॉक्टरांनी मशीन लावलं. सरांनी खुर्चीत बसूनच नाकाला तो मास्क लावला. हवा सुरू झाली तसे ते दचकले, हात वर गेला, पण त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. मग वहिनींकडं वळून, फुसफुसत, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "म्हशीला पेंड ठेवायला कुणाला सांगून आलीस?"

"शेजारच्या आक्कांना," वहिनी म्हणाल्या.

"मी काय म्हणालो ते सांग."

"म्हशीला पेंड ठिवाया कुनाला सांगितलं, म्हनालात."

सरांनी मान हलवली. एवढ्यानं समाधान झालं नाही, म्हणून त्यांनी मलाही एक वाक्य म्हणून दाखवलं आणि माझ्याकडूनही ते वदवून घेतलं. बाहेर पेशंट ताटकळले होते. डॉक्टरांनी घाई केली नाही.

त्यानंतर त्यांनी मशीन लावायला सुरुवात केली. एकदम नाही. आधी नुसतं बसून, पेपर वाचताना. मग दुपारी पडल्यावर. मग रात्री, थोडा वेळ. मधे चिडून फेकलं, सर्दी झाली म्हणून बंद ठेवलं, नाक कोरडं पडतं म्हणून डॉक्टरांना फोन करून भांडले. पण पुन्हा लावलं. हळूहळू एसटीत जागे राहायला लागले, आणि शेजारी बसलेल्या माणसाला सळो की पळो करून सोडायला लागले, कारण आता त्यांची वाक्यं संपत नसत.

सुधारले असं मात्र मी म्हणणार नाही. शिक्षकांच्या खोलीत ते सांगायचे, की आधीचा मास्क शास्त्रीयदृष्ट्या सदोष होता आणि आपण प्रयोगानं तो दोष सिद्ध केला. म्हणजे मी, चित्रकलेचे सर, मुलगी, वहिनी, आमच्या सगळ्यांच्या वर्षभराच्या डोकेफोडीचा त्यात उल्लेखच नाही. शिवाय कुणी जांभई दिली की त्याला धरायचे. "घोरता का? बायकोला विचारून या." शिपायाला, पालकांना, तपासणीला आलेल्या साहेबांनासुद्धा. साहेब रागावले, मुख्याध्यापकांनी सरांना समज दिली. आमच्या नशिबी हेच.

फेब्रुवारीत एका सकाळी मी शाळेला निघाले होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"बाई, आज मी येत न्हाई. मुख्याध्यापकांना सांगा."

"काय झालं? मशीनचं काही?"

"मशीन व्यवस्थित आहे. ही उठली न्हाई अजून."

"म्हणजे?"

"झोपलीय. उन्हं आली अंगणात तरी झोपलीय." त्यांचा आवाज विचित्र झाला होता, घाबरल्यासारखा आणि थोडा गोंधळल्यासारखा. "मी दोनदा जवळ जाऊन बघितलं. श्वास चांगला चाललाय. एवढा वेळ झोपलेली मी तिला कधी बघितली न्हाई. लग्न झाल्यापासून न्हाई. काय करू? उठवू का?"

"उठवू नका सर," मी म्हटलं. "अजिबात उठवू नका."

"न्हाई उठवत. पण घरात कुणीतरी असावं ना, ती उठंल तेव्हा. धार मी काढली, कशीबशी. चहा दोनदा केला, दोनदा गार झाला."

"होऊ दे गार."

"तुमी माझा नववीचा तास घ्याल का?"

घेते म्हटलं. विज्ञानाच्या तासाला मी काय करणार होते ते मला माहीत नव्हतं. तेवढ्यात तिकडून म्हैस मोठ्यानं ओरडली, आणि मोबाईल हातात तसाच चालू ठेवून सर गोठ्याकडं पळाले. त्यांच्या चपलांचा आवाज आला, बादलीचा आला, आणि मग अगदी हळू आवाजात, दातओठ खाऊन, ते म्हशीला रागावलेले मला ऐकू आले, "गप. गप म्हणतो ना. आत माणूस झोपलंय."